बुढा हरवला, बाईट पाठव! डिमेन्शियाची टीव्ही-बातमी कशी करावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मी सतरा वर्षांपासून टीव्हीचा स्ट्रिंजर आहे. म्हणजे पगार नाही, बातमी लागली तर त्या बातमीचे पैसे, पेट्रोल स्वतःचं आणि बूमवरचा, म्हणजे हातातल्या माईकवरचा, लोगो मुंबईचा. सोयाबीनचा भाव, नाल्याचा पूर, उलटलेली एसटी, शिवारात दिसलेला वाघ असं सगळं मी पाठवतो. वर्षातून तीन-चारदा त्यात एखादा हरवलेला बुढा नाहीतर बुढी असते. डेस्कवरून, म्हणजे चॅनलच्या वृत्तकक्षातून, फोन येतो, "बुढा हरवला ना तुमच्याकडे? पोराचा रडतानाचा बाईट पाठव." बरीच वर्षं मी तो बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, मुकाट्यानं पाठवला.

मग २०१९च्या पेरणीत बाबांनी सरकी टोबलेल्या ओळीतच परत सरकी टोबली. आई हसली, मीही हसलो. पुढच्या वर्षी ते आपल्याच गल्लीत उभे राहून आपलं घर विचारायला लागले, तेव्हा हसणं बंद झालं. त्या दिवसांत मी माझ्याच जुन्या क्लिपा काढून पाहिल्या आणि मोबाईल उलटा करून ठेवला. हे लिहितोय ते तालुक्याच्या गावी बूम घेऊन फिरणाऱ्या पोरांसाठी. घरात असा माणूस असलेल्यांनीही वाचावं, कारण उद्या कॅमेरा तुमच्या ओट्यावर आला तर त्याला काय द्यायचं आणि काय नाही, हे तुम्हालाही ठाऊक असलेलं बरं.

टीव्हीवर डिमेन्शिया, म्हणजे बाबांचा हा आजार, दोनच दिवशी दिसतो. एक, माणूस हरवतो त्या दिवशी. दुसरा, २१ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनी. मधली कित्येक वर्षं, ज्यांत तो माणूस जेवतो, भांडतो, नातवावर ओरडतो, कापूस वेचतो, ती पडद्यावर येतच नाहीत. बातमी त्या मधल्या दिवसांची करायची आहे.

आधी माझी चूक

२०१५ साली बस स्टँडवर एक नऊवारीतली बुढी बसलेली होती. हातात पिशवी, पिशवीत एक लुगडं आणि चार वाळलेल्या भाकरी. मी विचारलं, "माय, पोरं कोठी हायेत?" ती म्हणाली, "मेली." बस्स. माझी स्क्रिप्ट तयार. डेस्कनं वर मथळा चढवला, पोटच्या गोळ्यांनी आईला टाकलं, आणि खाली सारंगी वाजवली.

रात्री दहाला मोटारसायकलवर एक माणूस आला. शेजारच्या तालुक्यातला. ढाब्यावर चहा पिताना त्यानं टीव्हीत आई पाहिली होती. आदल्या संध्याकाळीच त्यानं त्याच्या ठाण्यात ती हरवल्याची नोंद केली होती आणि रात्रभर विहिरी पाहत फिरला होता. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, मले इचारलं असतं तं." पोळ्याला तोरणाखाली पोरांनी त्याच्यावर झडती, म्हणजे टोमण्याचं कवन, म्हटली, आईला टाकणारा म्हणून. ती झडती मी लिहिली नव्हती, पण तिचा कच्चा माल माझा होता.

तेव्हा पहिली गोष्ट ही की डिमेन्शियाचा माणूस जे सांगतो ते त्याच्यासाठी खरं असतं, बातमीसाठी ते तपासायचं असतं. बुढीच्या डोक्यात तिची पोरं कदाचित अजून पाळण्यात होती. समोरचा चाळिशीचा बाप्या तिला पोर वाटणार कसा? आधी आपल्या आणि आजूबाजूच्या ठाण्यांत हरवल्याची नोंद आहे का विचारा, मगच कॅमेरा काढा. आई-बापाला टाकून देणं हा २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे "टाकलं" हा शब्द उच्चारताना आपण एका माणसावर गुन्हा लावत असतो, तोही ठाण्यात न जाता.

शब्द

आमच्याकडं असा माणूस "बयाडला" म्हणतात. जरा सभ्य घरात "म्हातारचळ" म्हणतात. आणि सरपंच हमखास बाईट देतो, "साठी बुद्धी नाठी." तो बाईट कापा. साठी ओलांडली म्हणून कोणी असं होत नाही. हा मेंदूचा आजार आहे. वय वाढतं तसा धोका वाढतो, पण नव्वदीतही हिशेबाची वही चोख ठेवणारे म्हातारे आपल्याच गावात आहेत. "मनोरुग्ण", "वेडसर इसम" हे पोलिसांच्या प्रेसनोटमधून जसेच्या तसे उचलू नका.

"स्मृतिभ्रंश" हा शब्द चांगला, पण आपल्याकडं त्याची एक अडचण आहे. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला आहे आणि तिथं तो क्रोधातून येतो. माझी बातमी ऐकून आमच्या गावचे कीर्तनकार महाराज खरंच म्हणाले, "तुझा बाप तसा रागीटच होता." म्हणून मी "डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार" असं म्हणतो आणि पुढं जातो. "विसरण्याचा" हेही अपुरंच आहे. काहींचा आधी स्वभाव बदलतो, काहींची बोली अडते. ब्रूस विलिस या नटाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागातला डिमेन्शिया, असल्याचं २०२३मध्ये घरच्यांनी जाहीर केलं. त्याची सुरुवात बोलण्यापासून झाली होती. आपल्या चॅनलांनी "विसरला सगळं" असा मथळा दिला की हे सगळं पुसलं जातं.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का, असा फोन दर बातमीनंतर येतो. मी लाल्याचं उदाहरण देतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडली की आपण लाल्या आला म्हणतो; पण कारण मॅग्नेशियम कमी असेल, तुडतुडे असतील, मुळाशी पाणी साचलं असेल, रात्री गार झाल्या असतील. डिमेन्शिया म्हणजे तसं वरून दिसणारं लक्षणांचं नाव. खालच्या कारणांतलं सगळ्यात मोठं अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६० ते ७० टक्के रुग्णांत तेच असतं. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं ते पहिल्यांदा मांडलं. त्याची रुग्ण बाई म्हातारी नव्हती, दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. साठीचा आणि बुद्धीचा हिशेब इथंच मोडतो.

माणूस हरवला असेल तर

इथं कॅमेरा खरंच कामाचा आहे, म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. घरच्यांना "आता काय वाटतंय?" असं विचारू नका. काय वाटत असणार? त्याऐवजी विचारा: लहानपणी कुठं राहायचे, पूर्वी कामाला कोणत्या रस्त्यानं जायचे, कोणत्या नावानं हाक मारली की वळून पाहतात, कानानं कमी ऐकू येतं का, पायात काय आहे, बाईमाणूस असेल तर हातावर गोंदण काय आहे. आमच्याकडच्या कितीतरी बुढ्यांच्या मनगटावर नाव गोंदलेलं असतं. नाव विसरलेल्या माणसाचं तेच आधारकार्ड.

जुनी वाट का विचारायची ते सांगतो. बाबा पहिल्यांदा गेले ते पौषातल्या एका पहाटे. आम्ही गावभर, तुरीत, कपाशीत शोधत होतो. तूर त्या वेळी डोक्याच्या वर असते, दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दोस्ताला ड्रोन घेऊन बोलावलं. (ड्रोन उदास सूर्यास्तासाठी नसतो, त्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला.) मग आईला आठवलं की रात्री ते कारंज्याचं बोलत होते. कारंजा म्हणजे त्यांचं आजोळ, आणि त्यांच्या लहानपणी कारंज्याला जायचं म्हणजे शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूरची नॅरोगेज. मी गाडी दारव्हा स्टेशनकडं वळवली. गवत माजलेल्या फलाटावर बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"कोठी चालले, बाबा?"

"कारंज्याले. गाडी लेट हाय आज."

ती गाडी बंद होऊन किती वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, "लेट हाय तं चहा पिऊन येऊ." ते उठले.

तेव्हा बातमीत प्रेक्षकाला हेच शिकवा. असा माणूस दिसला तर समोरून जा, मागून खांद्यावर हात टाकू नका. सावकाश बोला, पाणी द्या, वाद घालू नका, "गाडी बंद झाली" हे पटवायला बसू नका. ११२ला फोन करा. मे महिना असेल तर हे मिनिटांचं काम आहे. ४५ अंशांत तहान लागल्याचंही न कळणारा माणूस फार वेळ टिकत नाही. म्हणून ही बातमी रात्रीच्या बुलेटिनसाठी राखून ठेवू नका, आत्ता स्क्रोलवर घ्या असं डेस्कला सांगा, भांडून सांगा.

आणि माणूस सापडला की दोन कामं. सापडल्याचं तितक्याच ठळकपणे दाखवा, आणि यूट्यूबवरची हरवल्याची क्लिप काढायला लावा. घरच्यांनी चेहरा शोधण्यासाठी दिला होता, कायमचा ठेवायला नाही.

कॅमेऱ्यासमोर बसवताना

दोन वर्षांपूर्वी २१ सप्टेंबरच्या बातमीसाठी माझा एक व्यवसायबंधू बाबांना शूट करायला आला. तो दिवेलागणीला आला, ही पहिली चूक. संध्याकाळ झाली की अशा माणसांची घालमेल वाढते. बाबा त्या वेळी दाराशी येरझाऱ्या घालतात, "घरी चला" म्हणतात, घरातच असून. सकाळी, न्याहारीनंतर या. टीव्ही बंद करा, पंखा बंद करा, दोनच माणसं आत ठेवा.

दुसरी चूक त्याच्या प्रश्नांत होती. "बाबा, आज वार कोणता आहे? पंतप्रधान कोण आहेत? मला ओळखलं का?" डॉक्टर हे प्रश्न तपासायला विचारतात, बंद खोलीत. कॅमेऱ्यासमोर विचारले की तो तमाशा होतो. बाबा गप्प झाले. खाली मान घालून त्यांनी धोतराचा काठ चिमटीत धरला आणि घडी घालत राहिले. चौथी इयत्ता झालेला, पण आयुष्यभर अडत्याचा हिशेब तोंडी तपासणारा माणूस. त्याला कळत होतं की आपल्याला काहीतरी येत नाहीये आणि लोक पाहताहेत.

मग जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांनी हात पुढं करून बूमच घेतला. वरचा काळा फोम अंगठ्यानं दाबला, तळहातात फिरवून चोळला, ज्वारीचं कणीस चोळतात तसा. मग तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. म्हणाले, "काणी धरली बाप्पा याले. बियाण्याले गंधक चोळलं नवतं का?" आणि पुढची चार मिनिटं त्यांनी काणी, म्हणजे कणसात काळी भुकटी होणारा रोग, कशी येते, बियाणं कसं निवडायचं, कोणती जोंधळी हुरड्याला चांगली, हे सांगितलं. एकही शब्द अडला नाही. तो बूम कणीस नव्हता, हे सोडलं तर एकही गोष्ट चूक नव्हती.

बातमीत काय लागलं? ती चार मिनिटं नाही. वार विचारल्यावरची शांतता लागली, काळी-पांढरी करून, संथ करून, खाली बासरी. मथळा: जिवंतपणीच हरवलेला माणूस.

म्हणून, वार विचारू नका. ज्या कामात माणसाचं आयुष्य गेलं ते हातात द्या आणि त्यावर बोलू द्या. सरकी द्या, सुपडं द्या, सुतार असेल तर रंधा द्या. "आठवतं का?" हा शब्द वर्ज्य. "हे कसं करतात, सांगा ना" असं म्हणा. चुकलं तर दुरुस्त करू नका. उत्तरासाठी थांबा, आपल्याला तीन सेकंद थांबलं की घाई सुटते, त्यांना दहा लागतात. संगीत नको. घरातला आवाज असू द्या, कोंबडी असू द्या. आणि काळं-पांढरं तर कधीच करू नका, तो माणूस रंगातच जगतोय. फुटेजमध्ये तुम्हाला जे ठेवायचंय त्याला स्क्रिप्टमध्ये वेळ लिहून द्या, "हा भाग कापू नये" असं लिहा. डेस्क दहातून सहा वेळा तरी ऐकतो.

कोणाचा बाईट, कोणाची मेहनत

आतापर्यंतच्या माझ्या क्लिपांत बाईट पोराचा, डॉक्टरचा, सरपंचाचा. राबणारी बाई फ्रेमच्या बाहेर. माझ्याच घरी बाबांची आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं हे आई आणि माझी बायको करतात, आणि बोलायला मी पुढं. चहा घेऊन येणारी जी सून तुमच्या शॉटमध्ये ओझरती दिसते, तिला बसवा आणि विचारा, "काल रात्री किती वेळा उठलात?"

मधला दिवस दाखवायचा म्हणजे हे दाखवायचं. आमच्या दाराला आईनं बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ बांधली आहे. रात्री कडी हलली की ती जागी होते. संडासाचा बल्ब रात्रभर चालू असतो. फवारणीची औषधं, पूर्वी पलंगाखाली असायची, ती आता कुलपात. विहिरीवर जाळी. हे चार शॉट म्हणजे कोणत्याही तज्ज्ञाच्या बाईटपेक्षा जास्त उपयोगाची बातमी आहे, कारण बघणारी दुसरी बाई उद्या घुंगरमाळ बांधेल. नवी माळ घ्यायला गेले तर चार पैसे लागतात, पण ट्रॅक्टर आल्यापासून ती बहुतेक घरी खुंटीला लटकलेलीच आहे.

डॉक्टर, औषध, आकडे

डॉक्टरला "यावर उपचार काय?" असा ढोबळ प्रश्न विचारू नका. विचारा, डिमेन्शियासारखं दिसणारं पण बरं होणारं काय काय असतं? मग तो बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त, अशी नावं सांगेल. हा बाईट लावा. यानं कुणीतरी दवाखान्यात जाईल. आणि हेही विचारा की माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागला तर? ते बहुतेकदा वेगळंच असतं, लघवीचा संसर्ग, अंगातलं मीठ कमी होणं, ऊन लागणं, आणि तिथं थांबायचं नसतं.

"अल्झायमरवर औषध सापडलं" ही ब्रेकिंग दर काही महिन्यांनी येते. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली तेव्हा आमच्याही पडद्यावर फटाके फुटले. चाचणीत काय दिसलं होतं? सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत अठरा महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्के हळू झाली. थांबली नाही, गेलेलं परत आलं नाही, आणि काहींच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव झाला. एवढं एका वाक्यात सांगता येतं, सांगत नाहीत. त्याच बुलेटिनमध्ये ब्रेकनंतर स्मरणशक्तीच्या चूर्णाची जाहिरात येते, तिला आपण काही करू शकत नाही. निदान आपल्या स्क्रिप्टमध्ये वैदूचा बाईट तरी नको.

आकड्यांचं म्हणाल तर "थैमान", "विळखा", "त्सुनामी" नको. २०२३च्या आसपास आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीवरच्या भारतीयांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. हा आकडा गावात आणून ठेवा. आमच्या गावच्या मतदार यादीत साठीवरचे ३१० निघाले. त्या सरासरीनं तेवीस. मी बोटांवर मोजायला बसलो तर अकरापर्यंत पोचलो आणि बाकीच्या घरांची दारं आठवत राहिलो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगानं टाळता येण्यासारखी चौदा कारणं मांडली आहेत; ती सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात बीपी, शुगर, बिडी-सिगारेट आहे, कमी शिक्षण आहे आणि ऐकू न येणंही आहे. आमच्या पारावर अर्धे म्हातारे "आं?" म्हणतात आणि कानाचं यंत्र एकाच्याही कानात नाही. ही अख्खी एक बातमी आहे, कोणी घ्या.

मोठ्या माणसांच्या बातम्या

यावर फार लिहीत नाही. कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी १९७४ साली देशाची रेल्वे थांबवली होती. त्यांना अल्झायमर झाल्यावर, २०१०मध्ये, त्यांना कोणी भेटायचं यावरून वाद कोर्टात गेला आणि टीव्हीवर महिनाभर त्याचीच चर्चा. त्या चर्चेत ते स्वतः फक्त एका खुर्चीतल्या चेहऱ्यापुरते होते. गावातही शेतीच्या वाटणीच्या भांडणात असं होतं: म्हाताऱ्याचा अंगठा हवा असतो आणि कॅमेरा साक्षीला बोलावतात. जाऊ नका.

परवानगी

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २४ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. घरच्या ओट्यावर कायदा एवढा थेट येत नाही, पण रीत तीच ठेवा. घरच्यांना विचाराच, पण त्या माणसालाही विचारा, साध्या शब्दांत, आणि शूटच्या मध्येच परत विचारा. त्यानं तोंड फिरवलं, हात झटकला, उठून गेला, तर तो नकार आहे. तिथं कॅमेरा खाली. घरात लग्नाची मुलगी असेल तर "घराण्यात वेड आहे" असं सोयरे म्हणतात, म्हणून आडनाव आणि गाव गाळायचा पर्याय तुम्हीच पुढं ठेवा, त्यांनी मागायची वाट पाहू नका. आणि लागण्याआधी क्लिप त्यांना दाखवा. डेस्कला हे सांगायची गरज नाही.

शेवटी नंबर टाका. ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, आणि तातडीला ११२. डेस्क हे नंबर दोन सेकंद दाखवून पुसतो. दहा सेकंद ठेवा म्हणून स्क्रिप्टवर मोठ्या अक्षरात लिहा. माझी आई चष्मा शोधते त्यातच पाच जातात.